फ्रेंच ७५: सगळं गार, बुडबुडे शेवटी

फ्रेंच ७५ हे कॉकटेल बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: त्यातलं काहीतरी कोमट असतं. जिन कपाटातून थेट काढलेली, ग्लास मांडणीवरचे, आणि बुडबुड्यांच्या वाइनची बाटली दुकानातून येऊन जेमतेम अर्धा तास फ्रीजमध्ये टेकलेली. मग ओतताना फेस भसकन वर येतो, काठावरून टेबलावर जातो, आणि तो बसल्यावर ग्लासात उरतं ते आंबटगोड, निपचित, दारूचा वास येणारं सरबत. कृती चुकलेली नसते. प्रमाणही चुकलेलं नसतं. फक्त वायू उडून गेलेला असतो, आणि पैसे तर त्या वायूचेच मोजलेले असतात.

मी नाशिकला राहते आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे पुढे थोडा वर्गाचा सूर लागला तर चालवून घ्या. नाशिककरांना एक वेगळा ताप असतो. मुंबई-पुण्याचे नातेवाईक डिसेंबर ते मार्च ‘वायनरी बघायला’ म्हणून येतात, गंगापूर धरणाच्या बाजूला फिरून येतात, आणि संध्याकाळी स्पार्कलिंग वाइनच्या दोन बाटल्या घेऊन मुक्कामाला आपल्या घरी. त्या बाटल्यांचं करायचं काय, या प्रश्नातून मी हे कॉकटेल शिकले.

आधी ते आहे काय, ते थोडक्यात. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक, आणि वर शॅम्पेन किंवा दुसरी कुठली बुडबुड्यांची वाइन. नाव पडलं ते फ्रान्सच्या ७५ मिलिमीटर तोफेवरून. १८९७ सालची ही तोफ पहिल्या महायुद्धात फार गाजली. पॅरिसमधल्या हॅरीज न्यू यॉर्क बारच्या हॅरी मॅकेलहोनने १९२२ मध्ये ‘७५’ नावाची कृती छापली, पण तिच्यात शॅम्पेन नव्हतीच. जिनबरोबर सफरचंदाची ब्रँडी आणि डाळिंबाचं सिरप होतं. आज आपण ज्याला फ्रेंच ७५ म्हणतो ते १९२७ मध्ये अमेरिकेत, म्हणजे तिकडे दारूबंदी चालू असताना छापून आलं. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या हॅरी क्रॅडॉकने ते आपल्या पुस्तकात घेतलं आणि ते जगभर पोचलं.

आता प्रमाण. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण एका ग्लासाला असं: जिन ३० मिली, लिंबाचा रस १५, साधा पाक १५, शॅम्पेन ६०. हे आकडे पाठ करा आणि मोजून घ्या. ‘अंदाजपंचे’ भाजीत चालतं, इथे नाही. एवढ्याशा ग्लासात पाच मिली लिंबू जास्त झालं तरी चव पार बदलते. पेगचं माप घरात नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण स्वच्छ धुऊन घ्या, त्यावर मिलीच्या रेघा असतात. प्रयोगशाळेतलं काचसामान मात्र कितीही धुतलेलं असलं तरी खाण्यापिण्याला वापरायचं नाही. हे मी तीस वर्षं मुलांना बजावलं आहे, तुम्हालाही बजावते.

जिन साधी घ्या. ‘लंडन ड्राय’ लिहिलेली, ज्युनिपरचा, म्हणजे जिनला तिचा मूळ वास देणाऱ्या फळाचा, वास ठळक असलेली. गुलाबी, स्ट्रॉबेरीची, तुळशीची असल्या जिन बाजूला ठेवा. लिंबू आणि वाइन या दोघांच्या भांडणात त्या मध्येच तोंड घालतात. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगल्या जिन तयार होऊ लागल्या आहेत. ग्रेटर दॅन आली २०१७ मध्ये, त्यानंतर स्ट्रेंजर अँड सन्स. पहिली या कामाला अगदी योग्य आहे, कारण ती साधी आहे आणि फार महाग नाही. दुसरीत मसाल्याचा वास जास्त, मला ती टॉनिक वॉटरबरोबर बरी वाटते. फक्त गोव्याहून येताना स्वस्त मिळाली म्हणून पिशवीत कोंबून आणू नका. तिकडच्या विक्रीसाठीची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि तपासणी नाक्यावर ते ऐकवलं जातं. आपल्या राज्यात जिन घ्यायला वय पंचवीस पूर्ण लागतं, शिवाय कायद्याने मद्यसेवनाचा परवानाही लागतो. तो काढून ठेवा, फार खटपट नसते.

बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं दिसेल. हा विचित्र आकडा कुठून आला असं पुष्कळांना वाटतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत शंभर ‘प्रूफ’ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे पंचाहत्तर टक्के काढा, ४२.८ येतात. म्हणजे आपली जिन ७५ प्रूफची, आणि कॉकटेलही ७५. तोफेचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण मला हा योगायोग आवडतो.

वाइनकडे येऊ. शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या त्या एका प्रदेशातल्या वाइनलाच लावता येतं, म्हणून आपल्याकडच्या बाटल्यांवर ‘स्पार्कलिंग’ लिहितात. खरी शॅम्पेन कुणी भेट दिली असेल तर ती नुसती प्या, जिन-लिंबात घालून तिची माती करू नका. या कामाला नाशिकची बाटली छान. सुलाची ब्रूट आहे, शांदों दिंडोरीत बनते, आणखीही दोन-चार आहेत. आपल्याकडे या प्रकाराची सुरुवात नाशिकच्याही आधी, ऐंशीच्या दशकात नारायणगावच्या शाटो इंडाजमध्ये झाली. फ्रान्सच्या पिपर-हाइडसिकच्या तंत्रज्ञांची मदत घेऊन तिथे बनलेली वाइन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशातही गेली होती.

लेबलवर ‘ब्रूट’ शोधा. ब्रूट म्हणजे लिटरमागे बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर. इथे एक खड्डा आहे: ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली नावावरून जास्त कोरडी, म्हणजे कमी गोड, वाटते, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. आणि ‘डेमी-सेक’ तर चांगलीच गोड, लिटरला बत्तीस ते पन्नास ग्रॅम. पाहुण्यांनी तीच आणली असेल तर पाक निम्मा करा.

लिंबाचा मुद्दा जरा सविस्तर बोलते, कारण परदेशी कृती वाचून इथेच गाडं घसरतं. त्यांचं लिंबू पिवळं, मोठं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू छोटं, पातळ सालीचं, आणि चवीला जास्त बोचरं. त्याच्या सालीच्या तेलाला एक कडवट, हिरवा वास असतो, आणि लिंबू जोर लावून पिळलं की ते तेल रसात उतरतं. म्हणून कागदी लिंबू वापरताना मी दोन बदल करते. एक, १५ मिलीऐवजी १२ मिली रस. दोन, लिंबू पिळणीत घालून शेवटचा थेंब काढायचा नाही. हाताने पिळायचं आणि थोडा रस राहिला तर राहू द्यायचा, तो उद्याच्या वरणाला. एका रसरशीत लिंबातून एक ग्लास निघतो असं धरा. एप्रिल-मेमध्ये लिंबू कडाडलेलं असतं, तेव्हा हा हिशोब जिवावर येतो, पण बाटलीतला तयार रस वापरायचा नाही म्हणजे नाही. रस त्याच दिवशी काढा. कालच्या रसाला कडू झाक येते.

रस गाळा. चहाच्या गाळणीने दोनदा. हा नखरा नाही. द्रवात विरघळलेला वायू बुडबुडा व्हायला आधार शोधत असतो: गराचा कण, साखरेचा दाणा, कापसाचा तंतू, काहीही. फ्रान्सच्या रॅंस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर कित्येक वर्षं काम केलं आहे. ग्लासातले बहुतेक बुडबुडे काचेवर चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमधल्या हवेपासून सुरू होतात, असं त्यांनी दाखवलं. चार-दोन तंतूंमुळे बुडबुड्यांच्या सुरेख माळा दिसतात. पण गर आणि साखरेचे दाणे असले की हजारो ठिकाणी एकदम उठाव होतो आणि सगळा वायू पहिल्या मिनिटातच निघून जातो.

साखर दाणेदार न घालता पाक करायचा तो याचसाठी. शिवाय गार दारूत साखर सहजी विरघळत नाही, तळाशी बसते. पाक अगदी साधा: दोनशे ग्रॅम साखर, दोनशे मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गॅसवर. उकळत ठेवायचा नाही, तार तर मुळीच येऊ द्यायची नाही; गुलाबजामच्या पाकापेक्षा पुष्कळ पातळ हवा. गार करून काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये. दोन आठवडे आरामात टिकतो. वेलची, केशर, पुदिना यातलं काहीही त्यात घालायचा मोह होतो, विशेषतः सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेल्यांना. आवरा.

आता गारवा, म्हणजे या सगळ्याचा कणा. कार्बन डायऑक्साइड शून्य अंशाच्या पाण्यात जेवढा विरघळतो, त्याच्या साधारण निम्माच वीस अंशांना विरघळतो. आणि वीस अंश हे आपल्याकडे जानेवारीच्या संध्याकाळचं तापमान. मे महिन्याचं तर बोलायलाच नको. कोमट जिनमध्ये गार वाइन ओतली तरी मिश्रण कोमटच होतं आणि वायू बाहेर पडतो. म्हणून बाटली किमान चार तास फ्रीजमध्ये, तीही दारात नाही, आतल्या कप्प्यात. पाहुणे ऐनवेळी बाटली घेऊन आले तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी खडा मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात खुपसू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते, पाणी हवं ते काचेला सगळीकडून लागायला. फ्रीझरमध्ये मात्र ठेवायची नाही. विसरलात तर फुटते.

ग्लास फ्रीजमध्ये ठेवा. चित्रात दिसतात तसले उंच, अरुंद देठाचे ग्लास नसले तर अडत नाही. सरबताचे बारीक, उंच ग्लास चालतात. रुंद, पसरट नको. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नका, तेलकटपणा तर नाहीच. दोन्हींनी वरचा फेस मरतो. गरम पाण्याने धुऊन उपडे ठेवा आणि आपोआप वाळू द्या.

एक-दोन ग्लासच करायचे असतील तर रीतसर हलवून करा. जिन, रस, पाक एका घट्ट झाकणाच्या भांड्यात. शेकर नसेल तर जॅमची मोठी बरणी किंवा मुलाची प्रोटीन पावडरची बाटली, वास गेलेला असेल तर. भांडं भरून बर्फ, आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं, बाहेरून हात गारठेपर्यंत. बर्फ कंजूषपणे घातला तर उलट जास्त वितळतो आणि पाणचट होतं. हा बर्फ झाकणाच्या डब्यात केलेला हवा, नाहीतर फ्रीझरमधल्या बोंबिलाचा वास थेट ग्लासात येतो. हलवलेलं मिश्रण गाळणीतून गार ग्लासात. वाइन या भांड्यात कधीही, कुठल्याही कारणाने घालायची नाही. बंद भांड्यात वायू हलवला तर झाकण छतापर्यंत जाईल.

पण चार-सहा माणसं असतील तर मी हलवतच नाही. बरणी हलवत उभं राहण्यात निम्मी संध्याकाळ जाते. दुपारीच एका बाटलीत सहा जणांचं कालवून ठेवते: जिन १८० मिली, गाळलेला लिंबाचा रस ९० (कागदी असेल तर ७०-७५), पाक ९०, आणि ९० मिली पिण्याचं पाणी. पाणी पाहून आमच्या घरात भुवया उंचावल्या होत्या. पण हलवताना ग्लासमागे साधारण तेवढाच बर्फ वितळतो. ते पाणी कृतीचा भाग आहे, त्याच्याशिवाय मिश्रण उग्र आणि चिकट लागतं. ही बाटली फ्रीजमध्ये, आणि पाहुणे यायच्या आधी तासभर फ्रीझरमध्ये. रात्रभर ठेवली तर गोळा होईल, कारण पाणी-पाकामुळे अल्कोहोल सतरा टक्क्यांच्या आसपास उतरलेलं असतं. संध्याकाळी प्रत्येक ग्लासात यातलं ७०-७५ मिली, वर वाइन, झालं.

बाटली उघडताना घाई नको. आत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. वरचा कागद काढा. मग तारेची जाळी: तिची कडी सहा अर्धे वेढे फिरवली की सैल होते. इथपासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नाही, ट्यूबलाइटकडे नाही, देवघराकडेही नाही. बुचावर जाड फडकं घेऊन ते एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून फिरवा. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. बूच वर सरकू लागलं की त्याला उलट दाबत सावकाश येऊ द्या. आवाज फुस्स असा यायला हवा. फटाका फुटल्यासारखा आवाज काढून टाळ्या मिळतात, पण त्या आवाजाबरोबर वायू आणि दोन घोट वाइन बाहेर जाते, आणि सुटलेलं बूच डोळ्याला लागून लोकांची दृष्टी गेलेली आहे.

ओतताना ग्लास तिरका धरा, बिअर ओततात तसा, आणि वाइन कडेवरून घरंगळू द्या. सरळ मध्ये ओतण्यापेक्षा असं ओतलं की वायू जास्त टिकतो. हेही लिजे-बेलेर यांच्या गटाने मोजून दाखवलं आहे. साठ मिली. मग लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. ढवळायचं नाही. चहा नाही तो.

वर सालीची एक पट्टी. कागदी लिंबाची साल या कामाची नाही, फार पातळ आणि कडू. बाजारात पिवळं लेमन मिळालं तर उत्तम, नाहीतर लोणच्यासाठी येणारं ईडलिंबू शोधा. जाड साल, भरपूर तेल, वास मस्त. तेही नसेल तर मोसंबी. बटाट्याच्या सोलाण्याने दोन बोटं लांब पट्टी काढा, खालचा पांढरा भाग येऊ न देता, आणि ग्लासावर धरून रंगीत बाजू खाली ठेवून चिमटा. तेलाचा बारीक फवारा पडतो. पट्टी आत टाका किंवा फेकून द्या. खरा वास त्या फवाऱ्याचाच.

चव घेऊन आंबट वाटलं तर पुढच्या ग्लासात पाक पाच मिली वाढवा, आधीच्या ग्लासात वरून ओतू नका. जड पाक तळाशी जाऊन बसेल आणि शेवटचा घोट रसगुल्ल्याचा लागेल. उन्हाळ्यात मी क्रॅडॉकची पद्धत उचलते: मोठा ग्लास, त्यात फोडलेला बर्फ, आणि वाइन साठऐवजी नव्वद. पुस्तकी बारमन नाक मुरडतील, पण नाशिकच्या मे महिन्यात त्यांनी येऊन दाखवावं.

याच्या कडकपणाचं सांगायलाच हवं. आमच्या वन्सं दादरहून येतात तेव्हा पहिला ग्लास दोन मिनिटांत संपवतात. “वन्सं, जरा दमाने. सरबत नाही ते.” “अगं, पण लागतं तर सरबतासारखंच!” हाच तर धोका. हिशोब करा: तीस मिली जिनमध्ये साधारण तेरा मिली शुद्ध अल्कोहोल, साठ मिली वाइनमध्ये सात. एकूण वीस. व्हिस्कीच्या छोट्या पेगमध्ये तेरा असतं. म्हणजे हा इवलासा ग्लास दीड पेगाचा आहे, आणि बुडबुड्यांमुळे चढतोही लवकर. आमच्याकडे माणशी दोन, तिसरा मागितला तर लिंबू-सोडा. न पिणाऱ्यांनाही मी तेच देते, त्याच पाकाचं आणि त्याच ग्लासात, म्हणजे कुणी विचारत बसत नाही. गाडी चालवणाऱ्याला पहिल्यापासूनच सोडा.

सोबत खारं आणि तळलेलं चांगलं लागतं. कोथिंबीर वडी, खारे दाणे, उडदाचा तळलेला पापड. मिसळ नको, तिखटाने जिभेला आंबट आणि अल्कोहोल दोन्ही झोंबतं. गोड तर अजिबात नको.

सहा ग्लासांना ३६० मिली वाइन लागते, म्हणजे साडेसातशेच्या बाटलीतली निम्मी उरते. दोघांसाठीच करणार असाल तर ३७५ मिलीची बाटली मिळते का बघा. उरलेल्या बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा ठेवला की बुडबुडे टिकतात असं काहीजण छातीठोक सांगतात. चमच्याने काहीही होत नाही. स्पार्कलिंगसाठी चिमट्याचं खास झाकण मिळतं, ते घ्या, बाटली लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत संपवा. जिन जास्त आणि वाइन संपलेली अशी वेळ आली तर त्याच सामानात टॉम कॉलिन्स होतं: मोठा ग्लास भरून बर्फ, जिन ४५, लिंबू ३० (कागदी २५), पाक १५, वर ६० मिली थंडगार सोडा. त्याला बाटली उघडण्याचा सोहळा लागत नाही, आणि खरं सांगायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवसांना आम्ही दोघं तेच करतो.